बैल न शिवलेली सांदवाडी

साऱ्या वऱ्हाडात त्या काळी कापसाचा भाव न विचारणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. सात समुद्रांपलीकडे कुठंशी लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, असं शहाणी माणसं सांगत. लढाई कोणाची कोणाशी हे आमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण ती चालू राहावी म्हणून देवळात नारळ मात्र फुटत. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत वाटेत भेटणारा माणूस रामराम करायच्या आधी "भाव काय हाय?" असं विचारी. मी तर अमरावतीला एका कापसाच्या अडत्याकडे काट्यावर कामाला. मला पाहिलं की अनोळखी गाडीवानसुद्धा गाडी थांबवीत. फक्त मामाजी, म्हणजे माझे सासरे, मला पाहिल्याबरोबर विचारीत, "काय जवाईबापू, तुमच्या इकडे मेथी उगवली काय?"

मामाजींचं गाव भातकुलीच्या पलीकडे. त्या वर्षांत त्या गावात शिरायचं म्हणजे कापसातून पोहत जावं लागे. लोकांनी शेतं पेरली, मग बांध पेरले, मग गुरांची पडीक जमीन पेरली आणि शेवटी घरामागच्या सांदवाड्याही पेरल्या. सांदवाडी म्हणजे घरामागचा तो तुकडा, जिथं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वांगी, दोडके, सांभार म्हणजे कोथिंबीर, असलं रोजच्या पोटाचं पिकत आलं. आता तिथंही वखर फिरला आणि तिफन चालली. माळ्यांनीसुद्धा मळे मोडून कापूस लावला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, बायकांच्या हातात गोठ आले आणि ताटात नुसतं वरण आलं. भाजी हा जिन्नसच गावातून नाहीसा झाला. एका लग्नात मी वरमाईला चांदीच्या ताटात कांदा खाताना पाहिलं आहे. अशा त्या गावात एकच सांदवाडी हिरवी राहिली होती, आणि तिच्यात डोक्यावर भलंमोठं पागोटं घातलेला, कमरेत वाकलेला एक म्हातारा दिवसभर कोणाशी तरी बोलत असे. बोलणं अर्थातच माणसांशी नसे.

भाज्यांशी मामाजींचं नातं घरच्यांपेक्षा जवळचं होतं. वाल त्यांना शहाणा वाटे, गवार तुसडी वाटे, आणि ढेमशांवर त्यांचा धाकट्या लेकरासारखा जीव होता. शेजाऱ्याच्या छपरावर चढून सगळीकडे पसरलेल्या, पण एकही फळ न धरणाऱ्या एका कोहळ्याच्या वेलाला त्यांनी आपल्या थोरल्या मुलाचं नाव दिलं होतं. "नुसता पसरते, देत काई नाई," असं ते मुलासमोरच म्हणत. काळ सांगायची त्यांची तऱ्हाही वेगळीच होती. माझं लग्न कोणत्या साली झालं हे त्यांना कधी सांगता आलं नाही. "वालाले दुसऱ्यांदा शेंगा आल्या होत्या तवा," एवढं मात्र ते छातीठोकपणे सांगत.

बियाणं ते पागोट्यात ठेवीत. प्रत्येक वेढ्यात एकेक चिंधी, चिंधीत गाठ, गाठीत बी. उंदीर पोचत नाहीत, ओल लागत नाही आणि घराला आग लागली तरी बी आपल्याबरोबर बाहेर पडतं, असा त्यांचा हिशेब. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांना अशी काही कडकडून मिठी मारली, की पागोट्याचा एक वेढा सुटून दोन्ही व्याह्यांवर भेंडीचं बी बरसलं. लोकांना वाटलं अक्षताच, त्यांनीही वरून तांदूळ टाकले. पुढच्या पावसाळ्यात आमच्या अंगणात, मांडव होता त्याच जागी, भेंड्या उगवल्या. माझ्या आईनं त्या देवाचा प्रसाद म्हणून गल्लीत वाटल्या, आणि खरी गोष्ट सांगायचा मला धीर झाला नाही.

तो भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी असं खारट, की त्यानं वेल दोन दिवसांत माना टाकत. गोडं पाणी मिळे ते नदीच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यातून. घरात बैलांच्या चार जोड्या असताना मामाजी ते पाणी खांद्यावर कावड घेऊन आणीत. बरं, आणलेलं पाणी सरळ वेलांना घालावं, तर तसंही नाही. आधी त्यानं माणसानं आंघोळ करायची आणि ती वेलाच्या आळ्यात बसून करायची, म्हणजे एका पाण्यात दोन जीव निघतात. कोणी कुठं बसायचं हे रोज पहाटे तेच ठरवीत. पहिल्या दिवाळसणाला मला वाटलं, जावयाला चौरंग, रांगोळी, निदान एखादा आडोसा तरी असेल. मला दोडक्याच्या आळ्यात पाट मिळाला. मी अंगाला उटणं लावून घेत होतो तर मामाजी ओट्यावरून ओरडले, "जवाईबापू, डाव्या अंगानं ओता! उजवीकडची मुळी भिजली हाय." पलीकडे वांग्यांत बसून आंघोळ करणारा माझा मेहुणा, म्हणजे त्यांचा तोच थोरला मुलगा, माझ्याकडे बघून हताशपणे हसला. त्या एका क्षणापुरतं आमचं एकमत झालं होतं.

आणि कारलं! मुलगी पाहायला मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा मामाजींनी माझा पगार विचारला नाही, शेत विचारलं नाही. पानात कारल्याची भाजी वाढली आणि समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कारलं मला जन्मापासून आवडत नाही. पण दाराआडून बांगड्या वाजल्या होत्या आणि मला ते स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. मी ती भाजी संपवली, वर पुन्हा मागितली, आणि भीतीनं आणखी एकदा मागितली. मामाजी उठले, आत गेले आणि "जमलं!" असं ओरडले. तेव्हापासून मी कोणत्याही ऋतूत तिथं गेलो तरी माझ्यासाठी कारलं हजर. वेलावर नसेल तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या चकत्या निघत. खोटं बोलण्याची एवढी लांबलचक शिक्षा दुसऱ्या कोणाला झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

त्यांचं वर्ष अक्षय्यतृतीयेला सुरू होई. भर वैशाखात, माती पायाला चटके देत असताना, ते हातानं आळी खणीत आणि त्यात जुनं शेणखत भरून कोहळ्याचं, दोडक्याचं बी टोकीत. मृगात वेल मांडवाला लागत. श्रावणात पाल्याला ऊत येई. दिवाळीनंतर वांगी आणि मेथी, थंडीत वालाच्या शेंगा, आणि फाल्गुनात सगळं वाळू लागलं की बी निवडणं. चैत्रात काहीच नसे. तेव्हा ते रिकाम्या जमिनीजवळ बसत आणि तिला म्हणत, "झोप आता, झोप." तीस वर्षं हे असं चाललं होतं. त्या तीस वर्षांत त्या जमिनीला कुदळीशिवाय काही लागलं नव्हतं. तिथली माती हातात घेतली तर पिठासारखी मऊ लागे. आणि हीच माती मेहुण्याच्या डोळ्यांत भरली.

मेहुणा वाईट माणूस नव्हता, पण तो कापसानं पुरता पछाडला होता. घरातलं सगळ्यांत कसदार रान म्हाताऱ्यानं ढेमशांत घालवावं, हे त्याला बघवेना. त्या साली मृगाच्या तोंडावर मामाजी वांग्याचं बी आणायला पायी अंजनगाव सुर्जीला गेले. ते परत येईतो मेहुण्यानं अर्ध्या सांदवाडीत वखर फिरवून कापूस पेरून टाकला होता. मामाजी आले, त्यांनी बघितलं, आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्यासाठी मेहुण्यानं बैल आणले, तर म्हातारा कोहळ्याच्या आळ्यात आडवा झोपलेला. पागोट्यासकट.

"चालव," ते म्हणाले.

"बाबा, उठा ना! लोक पाहून राहिले."

"पाहू दे. लोकाईले तरी कुठी भाजी पाहाले भेटते आता?"

दुपारपर्यंत ते उठले नाहीत. सासूबाईंनी भाकर तिथंच नेऊन दिली. बैल दोन्ही तुकड्यांच्या सीमेवर उभे राहून कंटाळले आणि शेवटी मेहुण्यानंच माघार घेतली. पण जाता जाता त्यानं बजावलं, "पोळ्यापर्यंत ठेवतो. पोळा झाला का वेल काढून जमीन ठोकतो, खयं करतो. कापूस ठेवाले जागा नाई घरात." मामाजी उठले आणि संध्याकाळी दोन तुकड्यांच्या मधोमध झेंडूची एक ओळ लावून मोकळे झाले. हे सगळं मला माझ्या बायकोनं सांगितलं. ती तेव्हा माहेरीच होती आणि सांगताना रडत होती. त्या सांदवाडीत ती लहानाची मोठी झाली होती. ते रान गेलं तर बाबा फार दिवस काढायचे नाहीत, असं ती म्हणाली, आणि मलाही तसंच वाटलं.

पोळा झाला. बैलांना पुरणपोळी मिळाली आणि मेहुण्यानं कुदळी काढल्या. तेव्हा सासूबाईंनी एवढंच म्हटलं की ऋषिपंचमी पाच दिवसांवर आली आहे, तेवढी जाऊ दे. त्या दिवशी आमच्या बाया बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, हातानं पिकवलेली भाजी तेवढी चालते, आणि ती आता गावात दुसरीकडे कुठं असणार? मेहुणा पेटलाच होता. तो म्हणाला, "तुमची पंचमी मी अमरावतीहून आनतो. गाडीभर आनतो, साऱ्या गावाले पुरंल एवढी. मंग तरी ह्या वेलाईचा नाद सोडसान ना?" आणि मामाजी, जे आजवर एक पान तोडू देत नसत, ते चक्क म्हणाले, "यानं पंचमीची भाजी आनली अन् याच्या मायनं ती खाल्ली, तर मी माह्या हातानं सारे वेल उपटतो." मेहुण्यानं साऱ्या गावात दवंडी दिल्यासारखी ही गोष्ट पसरवली.

चतुर्थीच्या दिवशी तो दमणी घेऊन अमरावतीला माझ्या दारात हजर झाला. नवा जरीचा रुमाल, तोंडावर आनंद. "बाबानंच सकाळी बैल जुपून देल्ले," तो म्हणाला. "वंगनबी त्याईनंच घातलं." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी म्हटलं, चला, म्हातारा एकदाचा समजुतीनं घेऊ लागला. आम्ही दोघांनी अख्खा बाजार पालथा घातला. एका माळ्यानं अजून थोडा मळा ठेवला होता. त्याच्याकडची भेंडी, माठ, अळू, पडवळ, जे होतं ते सगळं निवडून निवडून मीच घेतलं. मेहुण्यानं भाव करायची तसदीही घेतली नाही. संध्याकाळी माझ्या बायकोलाही घेऊन आम्ही गावात शिरलो तेव्हा आमच्या मागे अर्धं गाव चालत होतं.

पंचमीच्या सकाळी अंगणात तीस-चाळीस बाया टोपल्या घेऊन जमल्या होत्या. पाटलीणबाई स्वतः आल्या होत्या. सगळ्या न्हाऊन, केस मोकळे सोडून, उपाशी. मेहुण्यानं दमणीवरचं ओलं गोणपाट दूर केलं आणि अंगणभर हिरवा वास सुटला. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. बुटकी, शांत बाई. तिनं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही, त्या दिवशीही नाही.

"भाजी तं लय चांगली हाय," त्या म्हणाल्या. "माळ्याच्या मळ्याले पानी कशाचं?"

"मोटंचं," मेहुणा अभिमानानं म्हणाला. "गोडं पानी हाय, माय."

"मोट कोन ओढते?"

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी दमणीकडे बघितलं.

"अन् हे इथपावतर कशावर आनलं?"

आता सांगायला काय उरलं होतं! दमणीला जुंपलेले दोन्ही बैल समोरच उभे होते, शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि त्यातला एक भेंडीकडे मान लांब करत होता. मी आयुष्यभर काट्यावर बसून माल पारखत आलो, पण अंगणातल्या एका बाईनं मला एवढ्या स्वच्छपणे मोडीत काढलेलं मला आठवत नाही. पाटलीणबाईंच्या तोंडाला पदर गेला. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळंच अंगण हसू लागलं. मेहुण्याची गाडीभर पंचमी शेवटी ज्यांच्या कष्टानं आली होती त्यांच्याच पुढ्यात टाकावी लागली, आणि बैलांनी ती मिटक्या मारत खाल्ली.

पण हसून पोट भरत नाही. बाया उपाशी होत्या आणि गावात दुसरी भाजी नव्हती. सगळ्यांच्या नजरा सांदवाडीकडे वळल्या. मामाजी झेंडूच्या ओळीशेजारी उकिडवे बसून तण काढत होते, जणू या सगळ्याशी त्यांचा काही संबंधच नाही. तेव्हा सासूबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. मृगात तिथं बैल आले होते. इकडच्या अर्ध्यात त्यांचा एक जरी खूर पडला असेल, तर ही भाजीही पंचमीला चालायची नाही. पडला होता का? त्या दिवशी लोक बघत होते ते म्हाताऱ्याकडे; बैलांच्या पायांकडे लक्ष असलेला माणूस एकच होता, बैलांचा कासरा धरणारा. "तुयशीपाशी उभा राह्यून सांग," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

मेहुणा तुळशीपाशी गेला. त्या घटकेला सारं त्याच्या हातात होतं. हो म्हटलं की म्हाताऱ्याची तीस वर्षं मातीत गेली असती, खळं त्याला मिळालं असतं, आणि त्याला खोटं पाडणारं कोणी नव्हतं. माझ्या बायकोनं माझा हात दाबला होता. मामाजींचं तण काढणं थांबलं होतं. मेहुण्यानं एकदा बापाकडे बघितलं, एकदा त्या वेलाकडे बघितलं ज्याला त्याचं नाव होतं. दरवर्षी त्याच आळ्यात येणाऱ्या त्या वेलाला या खेपेला पहिल्यांदाच कोहळं लागलं होतं.

"नाई," तो म्हणाला. "एकबी खूर नाई पडला. बाबा आडवे झोपले होते ना इथी. बैल येतीन कसे?"

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मामाजी उठले आणि साऱ्या वऱ्हाडाचा कापूस एकट्यानं विकत घेतल्यासारखे सांदवाडीच्या तोंडाशी उभे राहिले. पाटलीणबाईंनी किंमत म्हणून चांदीचं ताट पुढं केलं तर म्हणाले, "पैसे-गिसे नाई लागत, पाटलीणबाई. एक आळं लागते." प्रत्येक बाईनं घरामागं एक हात जमीन मोकळी करायची, स्वतःच्या हातानं आळं करायचं आणि बी टोकायचं. कबूल असेल तर भाजी. "अन् तिथी बैल दिसला, तर मी स्वतः येऊन झोपीन." बाया हसत हसत कबूल झाल्या. मग ते एकेक करून पागोट्याचे वेढे उलगडू लागले. प्रत्येक टोपलीत दोडका, ढेमसं, अळू, माठ, आणि वर चिंधीतलं वालाचं बी. पागोटं उलगडत उलगडत अंगणभर झालं आणि शेवटी मी पहिल्यांदाच माझ्या सासऱ्याचं डोकं बघितलं. ते अगदीच लहान आणि पांढरं होतं.

त्या दिवशी गावात तीस-चाळीस चुली पेटल्या आणि सगळ्यांत एकच भाजी शिजली, बिनतेलाची, कारण घाणाही बैलच ओढतो. सासूबाईंनी पहिला घास घ्यायच्या आधी सांगून टाकलं की या सांदवाडीत मी असेपर्यंत बैल येणार नाही आणि नंतर माझ्या सुना येऊ देणार नाहीत. सुनांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मला कावडीचा आवाज आला म्हणून मी डोकावून पाहिलं, तर कावड मेहुण्याच्या खांद्यावर होती आणि मामाजी मागून चालत त्याला शिव्या देत होते. इतक्या प्रेमळ शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. पंचमीच्या भाजीत कारलं नसतं म्हणून मी खुशीत होतो. माझ्यासाठी त्यांनी ते वेगळं शिजवायला लावलं होतं.

पुढं ती लांबची लढाई संपली, भाव बसला, शेंब्या पितळेच्या झाल्या. पण मामाजींच्या गावात घरोघरी आळी राहिली, आणि त्या ओढीच्या वर्षांत ती लोकांच्या फार कामी आली. मी शेवटचा त्यांना भेटलो तो चैत्र होता. ते रिकाम्या जमिनीजवळ बाजेवर पडून होते. बोलता बोलता एकदम म्हणाले, "जवाईबापू, तुमाले कारलं आवडत नाई. मले पहिल्याच घासाले समजलं होतं."

मी चाट पडलो. म्हटलं, "मंग मामाजी, पोरगी काहून देल्ली मले?"

"जो मानूस न आवडनारं तीनदा मागून घेते," ते डोळे मिटून म्हणाले, "त्याच्या घरी पोरीले काय दुख भेटन?"

पुढच्या अक्षय्यतृतीयेला ते नव्हते. त्यांचं पागोटं सासूबाईंनी आमच्याकडे पाठवलं. सगळे वेढे रिकामे होते. अगदी आतल्या वेढ्यात एक चिंधी निघाली, गाठ मारलेली, आणि तिच्यात कारल्याचं बी. मी ते अमरावतीला घरामागं टोकलं, हातानं आळं करून. आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, बाहेर न्हाणी बांधलेली आहे, तरी मी रोज आंघोळीला त्या आळ्यात पाट टाकून बसतो आणि डाव्या अंगानं पाणी ओततो. शेजारी हसतात. वेलाला भरपूर कारली लागतात. मला ती अजूनही आवडत नाहीत. बायको वाढते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते, आणि मी तीनदा मागून घेतो.